तिघांना सारखंच

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

सम्राटदादाने आकाराममामांना काढलं! काढलं म्हणजे — निलंबित. चौकशी चोवीस तारखेला. पण फौंड्रीच्या घरात वाढलेल्या पोरीला चौकशी म्हणजे काय ते कुणी शिकवायला नको. आधी शिक्षा ठरते, मग खुर्च्या मांडतात.

झालं ते असं. पुण्याच्या पंपवाल्या कंपनीचं केसिंग, म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी ड्रॉइंग बदललं, कडेचं एक भोक सहा मिलिमीटर आत घेतलं. सम्राटदादाच्या गोकुळ शिरगावच्या युनिटमध्ये मामांनी साच्यासाठी लाकडी पॅटर्न केला तो जुन्याच ड्रॉइंगवरून. दोनशे बारा नग ओतून झाल्यावर परवा शनिवारी कुणाच्या तरी लक्षात आलं. सगळे परत भट्टीत.

दादाचं म्हणणं, मामांनी खिशातला जुना पेनड्राइव्ह लावला. मामा म्हणतात, "कॉम्प्युटरवर हुतं त्येच घेतलं." त्यांच्यावर कुणाचा विश्वास नाही, कारण एक तारखेची माझी मेल आहे — 'नवी ड्रॉइंग तिन्ही युनिटमध्ये दिसत आहेत. तपासून खात्री केली आहे. जुनी प्रत कुणी वापरू नये.' त्या मेलची प्रिंट दादाने नोटिशीला जोडली. माझी मेल! मामांच्या विरोधात!

मामा सत्तावन्न वर्षांचे. आबांच्या पहिल्या भट्टीपासून आमच्याकडे कामाला. मी लहान असताना पॅटर्न शॉपमधल्या लाकडाच्या तुकड्यांतून त्यांनी मला बैलगाडी करून दिली होती, चाकं फिरणारी. पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे. आता दोषी ठरले तर नोकरी जाणार, आणि तीही चारचौघांत नाक कापून. आज हुपरीच्या एसटीने नेहमीसारखे आले, गेटवर नोटीस हातात पडली, डबा तसाच घेऊन परत गेले म्हणे.

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. जेवण जात नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पृथ्वीदादाचा फोन. थोरला म्हणून तो मध्ये पडतो ना, ते मिटवायला नाही — उरकायला.

"संयू, एक कागद दे लिहून. तुझ्या बाजूनं समदं बरोबर हुतं म्हणून. चौकशीला लागतोय."

म्हटलं, तपासते आणि देते.

"तपासायचं काय त्यात? तूच केलंयस न्हवं?"

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि दोर मी वळून द्यायचा!

१२ नोव्हेंबर, बुधवार

डोकं शांत होत नाही म्हणून मुळापासून लिहून काढते.

दोन वर्षांपूर्वी आबांनी तीन युनिटं तीन भावांना दिली. शिरोलीचं पृथ्वीदादाला, गोकुळ शिरगावचं सम्राटदादाला, कागलचं सयाजीला. मला? मला पुण्याच्या नोकरीवरून बोलावून घेतलं. 'घरचं काम घरच्यानं करावं.' तिन्हीकडचे कॉम्प्युटर, क्लाउड, सगळं मी बघते. बोर्डावर नावं तीनच.

आबांचा एक हट्ट — तिघांना सारखंच. भट्टी एकाच कंपनीची, टेबल एकाच मापाचं, केबिनचे पडदेसुद्धा एकाच ताग्यातले. क्लाउडवर तिघांची तीन खासगी नेटवर्क बांधायची होती तेव्हा मी शहाण्यासारखे वेगवेगळे पत्ते आखले. थोरल्याचे पत्ते १०.१ ने सुरू, मधल्याचे १०.२ ने, धाकट्याचे १०.३ ने. कागद जेवणाच्या टेबलावर गेला आणि सम्राटदादा उसळला.

"त्याला एक आणि मला दोन? माझा काय दोन नंबरचा धंदा हाय व्हय?"

स्वतःपुढचा तीन बघून सयाजीचं तोंड एवढंसं झालं. आबा ताटावरून मान वर न करता म्हणाले, "पोरी, तिघांना सारखंच दे की. कशाला भांडणं लावतीस?"

भांडणं मी लावते! दोन दिवस समजावलं. हे मानाचे आकडे नाहीत, गल्लीतल्या घरांचे नंबर आहेत, वेगळे नसले तर पोस्टमन चुकेल. ऐकतंय कोण. शेवटी वैतागून तिघांनाही १०.१ देऊन टाकलं. मध्ये भिंती होत्या, एका नेटवर्कचा दुसऱ्याशी संबंध नव्हता, म्हणून तेव्हा काही बिघडलं नाही. पण ते चूक आहे हे मला माहीत होतं. माहीत असून केलं, घरात शांतता हवी म्हणून.

यंदा पंपवाल्यांनी अट घातली — ड्रॉइंगची एकच प्रत, एकाच जागी, सगळ्यांनी तीच बघायची. मग क्लाउडवर मी एक सामाईक कपाट केलं. आत सगळी ड्रॉइंग. भिंती न पाडता तिन्ही नेटवर्कमधून त्या एका कपाटाशी पोचायचं. एक तारखेला काम संपलं आणि ती मेल गेली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गोकुळ शिरगावला जाऊन आले. हायवेवर उसाच्या ट्रॉल्या, तास मोडला. गेटवरच सम्राटदादा.

"काय पावणं, आज इकडं कुठं?"

सख्ख्या बहिणीला पावणं! म्हटलं, मामांचा कॉम्प्युटर बघायचाय.

"थोरल्यानं झडती घ्यायला पाठवलं काय तुला?"

सरळ आत गेले. तो मागून बडबडत आला.

मामांच्या टेबलावर पट्टी, पेन्सिल, चष्म्याचं घर — जागच्या जागी. कॉम्प्युटर लावला. सामाईक कपाट उघडलं. नाव तेच, फोल्डर तेच, पंप केसिंग तेच. उघडलं आणि बघतच राहिले. भोक जुन्या जागी! खाली तारीख मार्चची.

शिरोलीच्या ऑफिसात सईला फोन केला. म्हटलं, तेच फोल्डर उघड, तारीख वाच. "ऑक्टोबर, मॅडम." एकच नाव, एकच वाट, आणि इथे एक चित्र, तिथे दुसरं!

म्हणजे मामा खरं बोलत होते. पेनड्राइव्ह नाही, काही नाही. समोर जे आलं त्यावरून त्यांनी काम केलं. मी दादाचा हात धरून त्याला स्क्रीनपुढे उभा केला. बघितलं त्याने. नीट बघितलं. आणि म्हणतो काय —

"मग मार्चची तारीख दिसली न्हाय त्याला? शंका आली तर इचारायचं की! त्यो काय नवा हाय?"

या माणसाला कधीतरी 'चुकलं' म्हणता येईल का? जीभ झडेल बहुतेक.

तिथूनच सयाजीला फोन लावला. म्हटलं, कागलला ते कपाट उघडतंय का बघ.

"न्हाय उघडत, अक्का. पयल्या दिवसापासनं न्हाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, त्या दोघांस्नी आधी दिलंयस. मी कशाला मागू?"

असे भाऊ देवाने एकाच घरात तीन दिले!

१६ नोव्हेंबर, रविवार

सापडलं.

कपाटाला प्रत्येक नेटवर्कच्या आतून एकेक दार द्यावं लागतं, आणि दाराला पत्ता. तीन दारं मी बरोबर केली होती. चूक नावांच्या यादीत. कपाटाचं नाव घेतलं की कुठल्या पत्त्यावर जायचं, ते ही यादी सांगते. ती मी एकच केली आणि तिन्ही नेटवर्कना जोडली. एका नावापुढे एकच पत्ता उरला — शिरोलीच्या दाराचा, १०.१.१.५.

आणि गोकुळ शिरगावातही १०.१.१.५ आहेच! तिघांना सारखंच ना! पण तिथे त्या पत्त्यावर कपाटाचं दार नाही, सम्राटदादाचा जुना सर्व्हर बसलाय. तो बंद कर म्हणून मी दोनदा सांगितलं होतं — "राहू दे, अडीनडीला हुईल." त्यातल्या फोल्डरांची नावंसुद्धा तीच. मामांनी योग्य नाव घेतलं, यादीने त्यांना योग्य नंबरवर पाठवलं, आणि त्या नंबरवर घर दुसऱ्याचं निघालं. कागलला त्या नंबरवर कुणीच नाही, म्हणून सयाजीला काहीच दिसलं नाही.

आकड्यांचा मान हवा होता ना? घ्या मान! दोनशे बारा नगांचा मान घ्या!

१७ नोव्हेंबर, सोमवार

खरा उपाय एकच, दोघांचे पत्ते बदलायचे. विचारलं.

सम्राटदादा — "माझंच का? थोरल्याचं बदल."

सयाजी — "मधल्यानं बदललं तर मी बदलतो. आधी न्हाय."

पृथ्वीदादाला विचारलंच नाही. त्याचं उत्तर मला पाठ आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पत्ते गेले खड्ड्यात. प्रत्येक नेटवर्कला स्वतःची वेगळी यादी दिली. त्या यादीत त्या-त्या नेटवर्कच्या दाराचा पत्ता. आकडे सारखे राहिले, मान राहिला, कपाटही उघडलं. जुना सर्व्हर मी स्वतः बंद केला, दादाला न विचारता.

मग गाडी काढली. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल. तिन्हीकडे खुर्चीत बसून उघडून बघितलं. ऑक्टोबर. ऑक्टोबर. ऑक्टोबर.

एवढं सोपं होतं. अर्धा दिवस.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चौकशीसाठी अहवाल लिहायला घेतला. पानभर भावांना झोडपलं. सारख्या आकड्यांचा हट्ट, जुना सर्व्हर, कुणी काही न सांगणं. छान वाटत होतं. मग खाली लिहायचं होतं — तपासणी कधी आणि कुठून केली.

शिरोलीतून. एक तारखेला, शिरोलीतल्या माझ्या टेबलावरून. तिथे दिसलं म्हणजे सगळीकडे दिसतंय, असं धरलं. उंटावरून शेळ्या हाकल्या. आणि मेलमध्ये लिहिलं — 'तपासून खात्री केली आहे.'

गोकुळ शिरगाव काही परदेशात नाही. गेले असते. पण भाऊबीजेला सम्राटदादा पाहुण्यांना म्हणाला होता, "ही आमची संयू. कॉम्प्युटर दुरुस्त करती." सगळे हसले. मी ओवाळलं त्याला, आणि ताट खाली ठेवतानाच ठरवलं, याच्या युनिटची पायरी चढायची नाही. चढले नाही. मेल मात्र पाठवून दिली.

हे मला आज कळलं असं नाही. दहा तारखेपासून माहीत आहे. दहा दिवस या वहीलाही सांगितलं नाही मी, नुसतं भावांवर लिहीत बसले. लाज वाटते. आणि लाज वाटते म्हणून पुन्हा राग येतो, तो त्यांचाच! काय माणूस आहे मी.

झोडपलेलं पान फाडलं. पुन्हा लिहिलं. सहा ओळी. पहिली ओळ — 'तपासणी न करता केली असे लिहिले, ही चूक माझी.'

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

अहवाल आज तिघांपुढे ठेवला. शिरोलीत, थोरल्याच्या केबिनमध्ये. आबाही आलेले.

पृथ्वीदादाने वाचला, घडी घातली, खणात टाकला.

"ह्यो कागद बाहेर जायचा न्हाय."

सम्राटदादा — "घरच्या पोरीचं नाव चौकशीत? गावभर हुईल, संयू! एमआयडीसीत तोंड दाखवायला जागा राहील का?"

आणि सयाजी. तो तरी माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं होतं. "अक्का, मामास्नी आपण दुसरीकडं लावू की कुठंतरी. तू कशाला अंगावर घेतीस?"

दोन वर्षांत तिघांचं कशावर एकमत झालेलं मी पाहिलं नाही. भट्टीच्या वेळा नाहीत, सुट्टीचा वार नाही, सत्यनारायणाचा भटजी नाही. आज झालं! एका मिनिटात. एका गरीब माणसाच्या मानेवर.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. आबा उठता उठता म्हणाले, "तिघांनी ठरवलंय न्हवं? मग झालं."

तिघांनी. आबांच्या मोजणीत चौथं माणूस आजही नाही. जन्मापासून नाही, हे आज इतकं स्वच्छ दिसलं की रडूही आलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अहवाल पुन्हा लिहून चार प्रती काढल्या. बाहेरच्या दुकानातून.

२४ नोव्हेंबर, सोमवार

चौकशी झाली.

चौकशीला नेमलेले वकील शहरातले, घाम पुसत बसलेले. एका बाजूला तिघे भाऊ. दुसऱ्या बाजूला मामा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात टोपी. मला बोलावलेलं नव्हतं. आत गेले आणि प्रत वकिलांच्या पुढे ठेवली.

"ह्या कोण?"

पृथ्वीदादा म्हणाला, "घरच्याच हायत. कायतरी गैरसमज झालाय. संयू, बाहेर थांब."

थांबले नाही. उभ्यानेच सांगितलं सगळं. यादी, पत्ता, जुना सर्व्हर. मग मेल. मी तिथून बघितलं नाही, बघितलं असं लिहिलं. यांचा पेनड्राइव्ह कुठेही लागलेला नाही, ही कॉम्प्युटरची नोंद. आवाज चढला होता माझा, खिडकीतून कामगार बघत होते. बघू देत.

वकिलांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, मग निलंबन कशाच्या आधारावर टिकतं? सम्राटदादा लाल झाला होता. पण सोडतो कसला.

"तिचं असंल खरं. पर कागदावर मार्च लिवलंय! इतक्या वर्षांचा माणूस, एकदा इचारू नये? आकाराम, इचारलंस का कुणाला?"

मामा जमिनीकडे बघत होते.

"न्हाय, मालक. चुकलं माझं."

कामावर घेतलं. उद्यापासून. पण 'शंका येऊनही विचारणा केली नाही' म्हणून लेखी ताकीद, त्यांच्या फाइलला. इतक्या वर्षांत फाइलला लागलेला पहिला कागद. मी भांडले त्यावरही. मामाच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, ताईसाहेब. चाकरी ऱ्हायली, लई झालं."

बाहेर आले तेव्हा पाय हलके होते. भाऊ माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू! मी माझं नाव स्वतःच्या हाताने कागदावर घातलं. आज पहिल्यांदा या घरात मी कुणीतरी आहे असं वाटलं.

ताकीद तेवढी डाचते. विचारायला काय झालं होतं मामांना? एक फोन करायचा होता.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

हुपरीला गेले, पेढे घेऊन. मामा कामावरून यायचे होते. बयामामी ओसरीवर पैंजणाला घुंगरं जोडत बसल्या होत्या. पेढ्यांना हात लावला नाही. मान वर न करता म्हणाल्या —

"फोन केलता की त्यांनी तुमास्नी. तारीख जुनी दिसतीया म्हणून. तुमी वरडला म्हणं, 'सम्राटच्या युनिटचं मला काही सांगू नका. फोल्डर दिसतंय ना? मग करा की काम!' मी म्हनलं, सांगा की सायबापुढं. म्हनले, न्हाय, पोरीचं नाव निघंल."

गाडीत बसून फोन तपासला. ३ नोव्हेंबर, सकाळी ९:४२. आकाराममामा. अठरा सेकंद.

मला आठवतसुद्धा नाही.